अश्मयुगात जमा झालेला पुंजारामाचा गुंडा

प्रति,
माननीय तहसीलदार साहेब,
अंबड, जिल्हा औरंगाबाद.

अर्जदार: धर्मराज पुंजाराम, धंदा विस्तव पाडण्याच्या चकमकीच्या गारा घडवणे, राहणार अंतरवाली सराटी.

विषय: अर्जदाराच्या बापाचा दगड इतिहासातून सोडवून परत मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराच्या परसात ठोकलेली पाटी.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की, गेल्या पौषात एक संशोधक साहेब जीपमधून उतरले ते थेट अर्जदाराच्या परसातील कपच्यांच्या ढिगावर बसले. तीन पिढ्यांचा कचरा एवढ्या आदराने कोणी प्रथमच हाती घेतला, याबद्दल अर्जदार ऋणी आहे.

२. आदिमानव हत्यारे कशी करी, असे साहेबांनी विचारले. आदिमानवाशी ओळख नसल्याने अर्जदाराने आपली रीत दाखवली. मांडीवर चामडे घ्यावे, त्यावर गार तिरपी धरावी, गोल दगडाच्या गुंड्याने कडेला एकच ठोका द्यावा. कपची सुटते. मग शिंगाच्या टोकाने दाबून धार काढावी. साहेबांनी तीन दिवस हे वहीत उतरवले व अर्जदाराच्या घरी भाकरी खाल्ल्या. वहीत भाकरींचा उल्लेख नाही.

३. चौथ्या दिवशी साहेबांनी ढीग दहा हजार वर्षांचा ठरवला. अर्जदाराची पत्नी झुंबरबाई हिने, "साहेब, वरच्या कपच्या तर कालच्याच हायेत, मीच झाडून टाकल्या, दहा हजार वर्षं काई मी झाडून न्हाई राह्यले," असे तोंडी निवेदन केले. ते अडाणी साक्ष म्हणून फेटाळण्यात आले. ढिगाला तार आली, तारेला पाटी आली: 'प्राचीन ठिकाण. दगडास हात लावू नये.' तेव्हापासून अर्जदार स्वतःच्या परसात आदिमानवाच्या परवानगीची वाट पाहत आहे.

४. कपच्या नेल्या, त्याचे दुःख नाही. परंतु साहेबांनी गुंडाही नेला. तो अर्जदाराचा बाप पुंजाराम याने चाळीस वर्षे वापरला. त्याच्या अंगठ्याने दगडात खळगी पडली आहे. अर्जदाराचा अंगठा तीत बरोबर बसतो. दुसऱ्या दगडाने ठोका चुकतो, गारेचा चुरा होतो, धंदा बसला आहे. शिवाय बापाची म्हणून घरात दुसरी वस्तू नाही.

५. अर्जदार शहरातील प्रदर्शनात जाऊन आला. गुंडा काचेत आहे. खालची चिठ्ठी शिपायाने वाचून दाखवली: 'वापरणारा अज्ञात.' अर्जदाराला तेथेच रडू आले. काचेला टेकू नका, असे शिपायाने बजावले.

तरी गुंडा परत मिळावा. ते अशक्य असल्यास चिठ्ठीवर निदान नाव घालावे: पुंजाराम, मुक्काम अंतरवाली सराटी, वारला १९५४ साली.

आपल्याच काळात हयात असलेला,
धर्मराज पुंजाराम
(निशाणी: उजव्या हाताचा अंगठा)
दिनांक ७ एप्रिल १९५८

अर्ज लिहिणार: शरदचंद्र, शाळामास्तर.

सोबत: वरील अंगठा. निशाणीची रीत डाव्या अंगठ्याची आहे, परंतु ठोका उजव्याने बसतो. काच उघडण्याचा हुकूम झाल्यास अर्जदार तो अंगठा घेऊन हजर राहील; खळगीत ठेवून पाहावा.