प्रेमदासच्या मोटारीचा खटका

प्रिय सुलोचना बाई,

जय भीम. अक्षर पाहून भेऊ नको, कागदावरून कोंबडी चालली नाई. तुही आजीच लिहून राह्यली. बायांच्या शाळेत सीताबाईनं अक्षरं शिकवली, पण टिंब कुठं द्यायचं हे अजून समजत नाई, म्हणून जिथं बरं दिसते तिथं देऊन टाकते. तू नर्सबाई होऊन राह्यली, तुले रोग्याची नाडी समजते, तर माह्यं अक्षरही समजनच.

तुह्या सोयरिकीची गोष्ट आहे. तुह्या बापानं, माह्या तानबानं, तुले अजून कळवलं नसन. सिंदीच्या बापूरावाचा पोरगा प्रेमदास तुले मागून राह्यला. त्याइच्या घरी मोटार आहे. मोटार म्हटलं की तानबाचं डोस्कं बंद. म्या इचारलं, बाबू, पोरगा कसा आहे? तर म्हणते, आई, काळी आहे, चार दरवाजे आहेत. आता बोल.

ते मोटार म्हणजे कोण्या कापसाच्या शेठनं टाकून देलेलं डबडं. इंग्रजाच्या वक्ताचं. आपल्या आंजीत शिरलं तवा पुढच्या डाव्या चाकातून असं खटाक-खटाक वाजे, का शेजारची शकुबाई हातातली भाकर टाकून दारात आली, कोणाची बैलबंडी मोडली म्हणून. अन् त्यातून बापूरावाच्या मागून आपले नवरदेव उतरले, डोळ्यावर काळा चश्मा. फुफाट्यातून आल्यानं चश्म्याच्या भवती सारं तोंड पांढरं. म्या कमलाले म्हटलं, बाई, तुह्या जावयाले आधी धुवून घे. तुही माय तोंडाले पदर लावून घरात पळाली.

आता आपल्याकडं पोरगी द्यायच्या आधी पंच जाऊन घर पाहून येतात, ते तुले ठाऊक आहे. प्रेमदासनं ठरवलं का पंचाइले याच मोटारीत सिंदीले न्यायचं. पण पंचाइले बसवून असा खडखडाट करत गावातून कसं जावं, याची त्याले लाज वाटे. तानबा म्हणाला, वर्ध्याच्या मिस्त्रीले दाखवू. तर म्हणते कसा, मामाजी, मोटार घरीच दुरुस्त करणारा माणूस आहे मी. सासऱ्याले म्हणतात तसं मामाजी म्हटल्याबरोबर तानबा विरघळला. मले तवाच समजलं, आपलं आंगण गेलं.

मोटार उचलायचं यंत्रही नव्हतं त्या शहाण्याजवळ. बंडीचं जुनं लाकूड घालून चार माणसानं तिचं तोंड वर केलं, खाली गोठ्यातला दगड सरकवला, चाक काढलं. चाकाच्या मागं लोखंडाचे पाटे असतात, एकावर एक रचलेले, धनुष्यासारखे वाकवलेले. खड्ड्यात ते दबतात म्हणून आतल्या माणसाची कंबर वाचते. हे मले पाठ झालं, कारण प्रेमदास दिवसभर तेच सांगून राह्यलता. नुसतं सांगतच होता. खाली कोण गेलं? बापूराव. दम्याचा माणूस, पाठीखाली पोतं घालून उताणा, अन् पोरगा वर गादीवर बसून हुकूम सोडते. बाबा, पाना डावीकडं घ्या. बाबा, डोळे आहेत का बटन?

आधी म्हणे, पाटे कोरडे पडले. कमलानं माह्या डोक्याचं एरंडीचं तेल आणून देलं, अख्खी बाटली त्या पाट्याइले पाजली. आवाज कसा तो गेला नाई. मंग म्हणे, वजन टाकून पाहू. म्हणून मले, कमलाले अन् शकुबाईले पुढच्या मडगार्डावर बसवलं अन् म्हणे दबा, उठा, दबा. शकुबाई म्हणे, बुढे, या वयात झुलते काय? खरं सांगू? लय मजा आली. प्रेमदासच्या साऱ्या कारभारात कामाची गोष्ट तेवढीच झाली.

खटका कुठला ते खालून बापूरावाले दिसलंच. पाटे ज्या पिनेवर लटकतात ते पीन झिजली होती, तिचं भोक मोठं झालं होतं, अन् पीन त्यात नाचत होती. मलेही वाकून पाह्यल्यावर दिसलं, यात काई इद्या नाई लागत. बापूराव म्हणाला, नवी पीन आणू, उद्याले जाऊ. पण पंच धोतरं घालून तयार बसले होते. उद्या म्हटलं का प्रेमदासची इज्जत गेली. त्यानं काय करावं? बाभळीच्या लाकडाची पाचर केली अन् बापाले सांगतलं, पाट्यात ठोका.

ठोकता ठोकता दगड सरकला अन् मोटार खाली बसली. बापूरावाची बोटं दबली. कमला किंचाळली. प्रेमदास धावत आला. मले वाटलं, बापाले काढते. त्यानं आधी मडगार्डावर हात फिरवला, पोचा आला काय म्हणून. मंग बापाले म्हणते, तुमाले साधा हात बाजूले घेता येत नाई? तानबानं अन् म्या मिळून बापूरावाले ओढून काढलं. हळदीचं फडकं बांधताना तो माणूस माह्याकडं नाई, जमिनीकडं पाहून राह्यलता.

पण आवाज गेला. पाटेच हालत नाईत तर वाजन काय? पंच सिंदीले जाऊन आले, प्रत्येकाच्या टाळक्यावर टेंगूळ, कंबर धरून उतरले, अन् म्हणतात काय, पोरगा हुशार आहे, मोटार अगदी शांत. असे आपले पंच. तानबाही डोकं चोळत चोळत हासे.

सुलोचने, माह्या बापानं माह्यं लगन बैलाच्या घुंगरमाळेवर ठरवलं होतं. मी नांदाले गेली तर बैल शेजाऱ्याचे, माळाही शेजाऱ्याच्या. ते जाऊ दे. पण तुह्या आज्याले म्या कधी सांगतलं का मले दुखते, तर तो म्हणे, चूप. त्याले दुखणं घालवायचं नव्हतं, आवाज घालवायचा होता. प्रेमदासनं ते पाचर ठोकवली तवा मले तुहा आजाच दिसला, चश्मा लावलेला. उद्या तू त्या घरात हूं का चूं केलं तर तो तुह्यातही लाकूड ठोकन अन् चार लोकाले सांगन, बायको अगदी शांत.

आता हे पत्र काऊन लिव्हलं ते ऐक. तुही परीक्षा तोंडावर आली, तू अशी येणार नाई हे तानबाले ठाऊक आहे. म्हणून तो तुले घ्याले नागपूरले येऊन राह्यला. तो सांगन, आजी लय बिमार आहे, शेवटचं पाहून घे. तू इथं आली का साखरपुडा. मले त्यानं बजावलं आहे, आई, पोरगी येईपर्यंत खाटेवर पडून कण्हत राह्यजो. म्या हो म्हटलं, अन् आता खाटेवर पडूनच लिहून राह्यली. कमला दाराशी बसली आहे, पायरव आला का खोकते, मंग मी कण्हते. पत्र शकुबाई वर्ध्याच्या टपालात टाकन. बापाशी भांडू नको, त्याले चहा पाज, हा कागद त्याच्या हातात दे अन् म्हणजो, मरणाऱ्या बुढीचं अक्षर वाचा. परीक्षा झाल्यावर येजो. प्रेमदास पाह्यचाच असन तर पाहू, पण आपल्या बंडीनं जाऊ अन् त्या बापूरावाच्या हाताची चौकशी करून येऊ.

तुहीच, मडगार्डावर झुललेली ठणठणीत आजी,
पंचफुला