खडकी देऊन टाकली

मंगळ. १४ जाने.
मुक्ताची चाल आली नाही. सकाळपासून फोन बघतोय. आमच्या राज्यं वसवायच्या ऑनलाइन खेळाचा नियम साधा आहे, रोज एक चाल तिची, एक माझी. ती इंग्लंडच्या उत्तरेला, लीड्सला, हॉस्पिटलच्या कँटीनमधून खेळते, मी इथे दक्षिणेत, रीडिंग गावात, जेवण झाल्यावर. लग्नाला सात वर्षं झाली, त्यातलं गेलं वर्ष असं एका नकाशावर चाललंय. फोनही होतात, पण 'जेवलास का, जेवलीस का'च्या पुढे गाडी सरकत नाही. नकाशावर निदान काहीतरी घडतं.
माझी शहरं: वारजे, धायरी, खडकी. तिची: सुट्टी, दुसरी सुट्टी, आणि परवा वसवलेलं 'ऑन-कॉल नाही'.

गुरु. १६ जाने.
चाल का आली नाही ते संध्याकाळी कळलं. मु.चा फोन. तिला कन्सल्टंटची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरची, कायमची जागा देऊ केलीय. आत्तापर्यंत वर्षाच्या बोलीवर होती, म्हणून तर 'एक वर्ष काढू कसंतरी' म्हणत हे सुरू केलं. शुक्रवार ७ फेब्रु.पर्यंत हो-नाही कळवायचंय.
"वा!" म्हणालो. मनापासून म्हणालो. मग गप्प.
"काय झालं?"
"विचार करतोय."
"माहितेय. इथपर्यंत ऐकू येतंय."
ती हो म्हणाली तर मला लीड्स. म्हणजे हे ऑफिस सोडायचं (आठवड्यातून तीन दिवस तोंड दाखवावंच लागतं), घराचं काहीतरी करायचं, नवी नोकरी. नाही म्हणाली तर तिने पुन्हा इकडे तात्पुरत्या जागांमागे फिरायचं. तिसरा पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं. वीकेंडची ट्रेन आणि रोज एक चाल.
तिसऱ्याबद्दल दोघंही बोललो नाही.

रवि. १९ जाने.
रुळांची कामं, अर्ध्या वाटेत बस. लीड्सला गेलो नाही. ती म्हणाली नको येऊस, मीही आग्रह धरला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.
दिवसभर दुसराच एक खेळ, एकट्याने खेळायचा, शिपायांच्या तुकडीचा. मोजके शिपाई, चौकोनाचौकोनाने पुढे सरकायचं, कोणाला कुठल्या भिंतीआड ठेवायचं. या प्रकारावर माझं प्रेमही आहे आणि दातही आहे. पंच्याण्णव टक्के नेम लागणार म्हणून सांगतात, शत्रू हातभर अंतरावर, आणि गोळी आभाळात! मग मी काय करतो? मागचा सेव्ह उघडतो. नेम लागेपर्यंत उघडत राहतो. मागे फिरूच न देणारी एक पद्धतही आहे त्यात, शिपाई गेला की गेला. त्या बटणाला मी कधी हात लावलेला नाही. माझा एकही शिपाई आजवर मेला नाही. त्यामुळे एकाचंही नाव लक्षात नाही.

बुध. २२ जाने.
भूषणबरोबर हेडफोनवर. कॉलेजपासूनचा मित्र, लंडनमध्ये ईलिंगला असतो, आठवड्यातून एकदा मला धुतो. त्याला पळत्या घड्याळाचे खेळ आवडतात, दोघांनी एकाच वेळी खेळायचं, थांबणं नाही. माझ्या मते ती डोक्याची नव्हे, टायपिंगची परीक्षा आहे. धान्याचं कोठार नदीच्या अलीकडे बांधू की पलीकडे, हे माझं ठरेपर्यंत याचे घोडेस्वार माझ्या अंगणात.
त्याला मु.च्या जागेचं सांगितलं.
"मग अडलंय कुठे? बोल ना तिच्याशी."
"बोलणार आहे. आधी नीट मांडणी करतो."
"मांडणी! अरे, बायकोबरोबर स्ट्रॅटेजी गेम कोण खेळतं? कॅरम खेळा. सोंगटी गेली तर गेली, पावडर तरी उडते."
खरं सांगायचं तर त्याच्या खेळात एक गोष्ट चांगली आहे. हळहळायला वेळच नसतो. चुकला की शिवी हासडतो आणि पुढे जातो. मी चुकलो की तिथेच तंबू ठोकून राहतो.

शनि. २५ जाने. (लीड्स)
ट्रेनमध्ये मुद्दे तयार केले होते. किर्कस्टॉलच्या पडक्या मठापर्यंत चालत गेलो, चालत आलो, एकही मुद्दा बाहेर आला नाही. तिनेही विषय काढला नाही. थंडीबद्दल मात्र दोघं भरपूर बोललो.
जेवणानंतर एकाच सोफ्यावर दोन लॅपटॉप. तिचा खेळ शेजारी बसून बघवत नाही. कामकरी रिकामे, सैन्य नावाला, सीमा उघडी. "अगं, त्यांना कामाला लाव." तर म्हणे, "असू दे, दमलेत."
पण ती प्रत्येक खेळ शेवटपर्यंत नेते. मी नाही. सुरुवात मला फार आवडते. अंधारा नकाशा, एक शहर, पुढच्या डोंगरामागे काय असेल कोण जाणे. अर्ध्यात आपण जिंकणार हे दिसलं की चव जाते. उरलेले तास नुसतं 'पुढे, पुढे' दाबत कोण बसणार? हा दोष खेळाचा आहे, माझा नाही, असं मी तिला समजावून सांगितलं.
"तुझ्या एकाही राज्याचं पुढे काय झालं, ते तुलाच माहीत नाही," ती म्हणाली.
नकाशाच्या कडेला लाल ठिपके असतात. खेळ त्यांना 'जंगली टोळ्या' म्हणतो. मारलं की सोनं मिळतं.
"यातले आपण कोण रे?"
"मी निळा, तू पिवळी."
"तसं नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी, इथल्या लोकांच्या नकाशावर."
इंग्लंडात बसून मी साम्राज्यं उभारतो आणि त्यांना धायरी-वारजे नावं देतो. हसू येतं, आणि लाजही वाटते थोडी. तेव्हा मात्र टोळी मारली, सोनं घेतलं.

सोम. २७ जाने.
आज खडकी तिला देऊन टाकली.
ते असं. या खेळांत कुणाशी तह करायचा तर एक तक्ता उघडतो. एका बाजूला त्याचं, दुसऱ्या बाजूला आपलं. समोर संगणकाचा राजा असेल तर खाली आकडाही दिसतो. लाल म्हणजे तो नाही म्हणणार. घोडे घाल, लोखंड घाल, आधी एखादी भेट पाठवून त्याला खूश कर, की आकडा हळूच हिरवा होतो. मला यात भयंकर मजा येते. लढाईपेक्षाही जास्त.
खडकी तिच्या सीमेला लागून आहे. चांगलं बंदर, लोखंडाचा डोंगर. बदल्यात काही मागितलं नाही.
तिचा मेसेज, "खडकी का?"
"असंच."
"गोड आहेस."
हे वाचून आनंद व्हायला हवा होता. बँकेने चुकून जादा पैसे दिले आणि आपण गप्प राहिलो, तसं काहीतरी झालं.

गुरु. ३० जाने.
बोललो एकदाचा. फोनवरच. मांडणी चोख होती. तिने रीडिंगच्या आसपास जागा शोधायची, ऑक्सफर्ड आहे, लंडन आहे. बदल्यात दर दिवाळीला सलग तीन आठवडे पुणे, उन्हाळ्यात तिच्या आईला इकडे बोलवायचं, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार.
पलीकडे किटलीचा आवाज येत होता.
"खडकी याच्यासाठी होती होय?"
मी म्हटलं, छे. मी म्हटलं, काहीतरीच काय. मी म्हटलं, तो खेळ वेगळा.
"आवळा देऊन कोहळा काढतोयस, सारंग. आणि कोहळा माझाच."
तिने फोन ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला. त्यापेक्षा आपटला असता तर...

शुक्र. ३१ जाने.
तिची चाल आली. खडकी परत केली. त्याच चालीत युद्ध पुकारलं.
जिचं सैन्य नावाला होतं, तिने. मला वाटलं रागाच्या भरात केलं असेल, धायरीहून फौज पाठवली. पण तिचे धनुर्धारी जंगलात आधीपासून बसलेले होते. कधीपासून? शेजारी बसून मी तिचे रिकामे कामकरी बघत होतो आणि हे दिसलंच नाही मला.
रविवारपर्यंत वारजे पडणार.
ऑफिसात दिवसभर लक्ष नव्हतं. राग तिचा आला की स्वतःचा, ते ठरेना. एक गोष्ट मात्र कबूल करतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिची चाल उघडताना छातीत धडधडलं.

रवि. २ फेब्रु.
वारजे पडलं.
लीड्सला गेलो नाही. ती म्हणाली, "येऊन परत मांडणीच करणार असशील, तर नको." मग फोनवर तासभर. मी दुसरा प्रस्ताव ठेवला, सहा महिने ती, सहा महिने मी. तिसरा ठेवला, मधलं एखादं गाव, दोघांनीही रोज ट्रेन.
"थांब," ती म्हणाली. "आकडा हिरवा होतोय का बघतोयस ना? मला प्रस्ताव नकोत. तुला काय हवंय ते सांग."
"आपल्या दोघांना सोयीचं..."
"दोघांना नाही. तुला."
मला सांगता येईना. खोटं नाही, खरंच येईना.
या खेळांनी मला एक वाईट सवय लावलीय असं आज वाटतं. सुरू करतानाच ते सांगून टाकतात, जिंकणं म्हणजे काय. इतकी शहरं घ्या, अमुक इमारत बांधा, तमुक राजधानी पाडा. ते ठरलं की पुढचं सगळं मला जमतं, छान जमतं. पण ते ठरवायचं कसं, हे एकाही खेळाने कधी विचारलं नाही. मीही स्वतःला नाही.
खेळांवर ढकलतोय का सगळं? असेल. त्यांच्याआधीही मी असाच होतो.

मंगळ. ४ फेब्रु.
आईचा फोन. तिला मु.कडून आधीच कळलंय. सासू-सुनेचं गूळपीठ आहे, मला शेवटी कळतं.
"एवढी मोठी जागा मिळतेय पोरीला. तुझं घोडं कुठे पेंड खातंय?"
ऑफिस सांगितलं, घर सांगितलं, व्याजाचे दर सांगितले.
"ते झालं रे. पण तुझं?"
दोघींनी ठरवून विचारल्यासारखा एकच प्रश्न.
आई असं बोलते आणि मग लगेच भाजी काय केलीस यावर येते. आजही आली. मी मात्र तिथेच राहिलो. आता लिहितोच, इथे कोण वाचतंय. नोकरी मला लीड्सलाही मिळेल. घर भाड्याने जाईल. मला भीती त्याची नाहीच. भीती अशी की वर्षभर आमचं जे काही चाललं ते या नकाशामुळे चाललं. उद्या एका घरात राहायला लागलो, रोज संध्याकाळी समोरासमोर बसलो, आणि बोलायला काही उरलंच नसेल तर? इतक्या लांबून आम्ही एकमेकांना बरे दिसतो. तिसरा पर्याय मला नको होता असं नाही. मला तोच हवा होता.
लिहून झालं. आता पुसणार नाही.

शुक्र. ७ फेब्रु. (लीड्स)
मु.च्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ती मघाशी कामावर गेली.
काल ऑफिसमधून निघालो तो स्टेशनवरच. शुक्रवारची रजा टाकली, तिला कळवलं नाही. लॅपटॉप घरी. ट्रेनमध्ये मुद्दे काढायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी पीटरबरोपर्यंत काढत होतो. मग बाहेर बघत बसलो.
दार उघडलं तेव्हा तिच्या हातात कणीक होती.
"तू? आज?"
"मला बोलायचंय."
"आधी माझं ऐक." तिथेच, दारात. "मी दुपारी हो कळवलं. तुला न विचारता."
राग आला. असा आला की कानशिलं तापली. एरवी मी गप्प झालो असतो, यावर काय म्हटलं तर ती काय म्हणेल, मग मी काय म्हणायचं. काल तेवढं सुचलंच नाही. आत येऊन, बूटसुद्धा न काढता, ओरडलो. की एक दिवस थांबता आलं नाही का. की आपल्या दोघांचं होतं ते. की मी काय फक्त शनिवार-रविवारचा पाहुणा? माझा आवाज मलाच ओळखू येईना.
ती कणकेच्या हाताने उभी. ऐकून घेतलं सगळं.
"बरं. आणखी?"
मग ते दुसरंही बाहेर पडलं, मंगळवारी लिहिलेलं. नीट नाही, अर्धंमुर्धं, उलटसुलट. की मला लांबच राहायला बरं वाटायला लागलंय आणि त्याचीच भीती वाटते.
मु. खुर्चीवर बसली. मला वाटलं रडणार. रडली नाही.
"मलाही," म्हणाली. "म्हणून तर घाई केली. थांबले असते तर मीही तसंच चालू ठेवलं असतं."
पोळ्या झाल्या नाहीत. दुकानातला ब्रेड आणि भाजी खाल्ली. काही ठरलं नाही. मी इकडे यायचं का, कधी, आलो तर काय होईल, काहीच नाही. मधे मधे बराच वेळ गप्पही होतो, आणि त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली, तिलाही वाटली, दोघांना ते दिसत होतं.
सकाळी ती कोट चढवत होती.
"संध्याकाळी आहेस ना?"
"आहे."
सोमवारी परत रीडिंगला जाणार का, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, मला माहीत नाही.