तारीख म्हणजे तारीख

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. पुढे यश आलं की लोक विचारतील, हे कसं काय जमवलंत? तेव्हा तारखेनिशी सांगता यायला हवं. तूर्तास वाचायला कुणाला देणार नाही.

परिस्थिती थोडक्यात. चाकणच्या कंपनीत डिस्पॅचला सत्तावीस वर्षं, परमनंट. डिसेंबरात व्हीआरएस. ते पैसे चऱ्होलीच्या या फ्लॅटमध्ये गेले. सध्या घर चालतं बायकोच्या, कस्तुराच्या चटण्यांवर. महाळुंग्यात रूम करून राहणारी कामगार पोरं, लातूर-बीड-परभणीकडची, तिच्याकडून महिन्याची पिशवी घेतात. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, येसर, ज्वारीचं पीठ. पाचशे रुपये. सहा वर्षांत अठ्ठावन्न गिऱ्हाईकं झाली आणि सगळा कारभार एका वहीत.

आज ती वही उघडली. हादरलो. नावं अकारविल्हे नाहीत, फोन नंबर नाहीत. पानांवर नुसते आकडे: सात. दहा. बारा. एका पानावर 'बारा, पण विचारून'. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, ज्यांची खात्री नाही ते तिथे. म्हणजे डॉक्युमेंटेशन शून्य.

निश्चय: ऑनलाइन स्टोअर. सबस्क्रिप्शन. पैसे आपोआप कापले जाणार. कस्तुराला दोन महिन्यांत मोकळी करतो. ती म्हणाली, करा काय करायचं ते, पण माझं एक माणूस तुटलं तर बघा.

९ मार्च, रविवार
स्टोअर तयार. मिनल सगळ्यांना सांगते की पप्पांचं स्टोअर मी केलं. तिने फक्त बटणं दाबली. विचार माझा.

प्राइसिंगवर तीन दिवस घातले. ५०० ऐवजी ४९९. ही सायकॉलॉजी आहे. शिवाय तीन प्लॅन: बेसिक, प्रो, एंटरप्राइज. कस्तुराने विचारलं, प्रोमध्ये काय? म्हटलं, लसणाची चटणी जास्त. ती म्हणाली, ती तर मी मागेल त्याला तशीच देते. हीच ती जुनी मानसिकता.

१६ मार्च
आज सगळ्यात मोठा निर्णय. बिलिंग डेट. सेटिंगमध्ये दोन पर्याय आहेत: ज्याची त्याची तारीख, किंवा सगळ्यांना एकच. मी सगळ्यांना एकच घेतली. एक तारीख. पगार एक तारखेला होतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा सत्तावीस वर्षं झाला, एकदाही चुकला नाही.

कस्तुरा म्हणाली, कंत्राटी पोरांचा पगार ठेकेदाराच्या मनावर असतो. मी म्हटलं, कंत्राटी पोरं सत्तावीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून काम करायची, मला नको शिकवू. नंतर आठवून पाहिलं. त्यांचा पगार कधी व्हायचा हे कधी विचारलं नव्हतं. पण तो मुद्दा नाही. मुद्दा शिस्तीचा आहे.

मिनल म्हणाली, पप्पा, आधी पाच जणांवर ट्राय करा. पाच जणांवर ट्राय भित्रे करतात.

होमपेजवर ठळक अक्षरांत टाकलं: 'तारीख म्हणजे तारीख.' वही रद्दीत दिली.

२३ मार्च
डिलिव्हरीसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, हप्त्यावर. हप्ता दर पाच तारखेला. त्यावरूनच महाळुंग्याला गेलो आणि रूमरूम फिरून सगळ्यांच्या मोबाइलवर ऑटो-पे चालू करून दिलं. मावशींचे मिस्टर आलेत म्हणून चहा मिळाला. अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न! प्रो एकानेही घेतला नाही. सहा जणांच्या रूममध्ये एंटरप्राइज समजावून सांगितला, त्यांनी नेहमीसारखा सहा जणांत एक बेसिक घेतला.

कंपनीच्या प्रेस शॉपमधला कंत्राटी जयदीप म्हणाला, काका, एक तारखेलाच का वो? आमचं तवा खातं रिकामं असतंय. त्याला आर्थिक नियोजनावर दहा मिनिटं दिली. ऐकून घेतलं पोराने.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.
अकरा यशस्वी. सत्तेचाळीस फेल. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, बँकांवर लोड असणार.

त्या अकरांत कोंडाजी पहिला. माझ्याच जुन्या डिस्पॅचमधला, परमनंट. सात वाजता पैसे जमा. गिऱ्हाईक असावं तर असं.

४ एप्रिल
सिस्टिम हार मानत नाही, माझ्यासारखीच. रोज एकदा परत प्रयत्न करते. तीन वेळा झाला. पैसे आले नाहीत, पण प्रत्येक वेळी काही जणांच्या बँकेने खात्यात पैसे नाहीत म्हणून दंड लावला. जयदीपच्या खात्यात दोनशे बारा रुपये होते, तेही गेले. तो मला नाही, कस्तुराला फोन करतो. सगळेच तिला करतात. हेल्पलाइनचा नंबर माझा आहे हे पेजवर खाली स्पष्ट लिहिलंय.

पॉलिसी जाहीर केली: पैसे नाहीत तर पिशवी नाही.

५ एप्रिल
कस्तुरा बसने जाऊन सत्तेचाळीस पिशव्या देऊन आली. दोन फेऱ्या. स्कूटर चार्जिंगला होती.

१२ एप्रिल
पुन्हा गेली. सगळ्यांचे पैसे रोख घेऊन आली. मी म्हटलं, रोख पैसे सिस्टिमला दिसत नाहीत. ती म्हणाली, मला दिसतात.

१४ एप्रिल
जयंती. स्टोअर बंद. सगळे पिंपरीला पुतळ्यापाशी गेलो. गर्दीत आमची तीन गिऱ्हाईकं भेटली. कस्तुराला वाकून जयभीम केला. मलाही केला, पण लांबून.

१ मे
पुन्हा अकरा. आकडा स्थिर आहे, घसरला नाही.

९ मे
धोरणात्मक बदल. बिलिंग डेट एकची बारा केली. माघार मुळीच नाही, याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. बारा हा आकडा मी स्वतः अभ्यास करून काढला. सेव्ह करताना लाल चौकट आली, इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं. ओके केलं. आता कस्तुराला कळेल.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.
सकाळी विहारात वंदना. कस्तुरा खीर वाढत होती. अकरा वाजता मोबाइल बघितला तर अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न यशस्वी! शंभर टक्के! शेजारच्या माणसाला मिठीच मारणार होतो.

मग फोन सुरू झाले.

लाल चौकटीत काय होतं ते आता मिनलने वाचून सांगितलं. तारीख बदलली की नवीन महिना धरला जातो, म्हणून एक तारखेला ज्यांचे पैसे गेले होते त्यांचे परत गेले. बाकीच्यांचे एप्रिल आणि मे एकदम कापले. एप्रिलचे त्यांनी कस्तुराच्या हातात दिलेले होते. पोरांचा पगार आजच सकाळी झाला होता. सिस्टिमने पहिल्यांदाच चोख काम केलं.

कोंडाजी फोनवर जे बोलला ते लिहीत नाही. त्याने अकाउंट बंद केलं. जयदीप कस्तुराला म्हणाला, मावशी, रूमभाड्याचं पैसं होते वो, मालक आज दारात उभा हाय. कस्तुराने डाव खाली ठेवला. सिस्टिममधून पैसे परत जायला सात दिवस लागतात म्हणून घरी आली, डब्यातले सगळे काढले, बँकेच्या मशीनमधून आणखी काढले आणि स्कूटरवर मागे बसली. रूमरूम जाऊन ज्याचे त्याला हातात दिले. मी खाली स्कूटर धरून उभा होतो. एकाने वरून बघितलं आणि चहाचं विचारलं नाही.

लाज वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितोय.

१५ मे
वही रद्दीत गेल्याचं तिला आज सांगितलं. म्हटलं आता ओरडेल. तिने शाळेची नवी दोनशे पानी वही काढली आणि अर्ध्या तासात सगळी नावं लिहिली. सात. दहा. बारा. बारा, पण विचारून. एकदाही अडली नाही. सत्तावन्न. कोंडाजीच्या नावापाशी थांबली, मग पुढे गेली.

एक माणूस तुटलं. मीच मोजलं.

स्टोअर मात्र बंद केलेलं नाही. फक्त विश्रांती दिली आहे.

१८ मे
कस्तुराने नोकरीचा प्रस्ताव दिला. पिशव्या पोचवायच्या, सहा हजार पगार. सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला! मी म्हटलं, पद काय? म्हणाली, पिशव्या पोचवणारा. डिस्पॅच हेड असं ठरलं (माझ्याकडून). पगाराची तारीख मी एक मागितली. ती म्हणाली, पोरांचे पैसे बाराला येतात, तुमचाही बाराला. मान्य केलं. मोठ्या मनाने.

५ जून, गुरुवार
स्कूटरचा हप्ता फेल. खात्यात तीनशे चाळीस होते. वर दंड. सहा महिन्यांत माझ्यावर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

हप्तेवाल्यांना फोन लावला. म्हटलं, बाई, माझा पगार बाराला होतो, पाचला पैसे कुठून आणू? ही कसली सिस्टिम, की माणसाला त्याचा पगार कधी होतो हे विचारतसुद्धा नाही? ती पोरगी शांतपणे म्हणाली, सर, तारीख म्हणजे तारीख.

तिच्याविरुद्ध दीड पानी तक्रार लिहिली आहे. सोडणार नाही.

नाइलाजाने कस्तुराकडे हप्त्याचे पैसे मागितले. लगेच दिले. मग वही उघडली आणि माझं नाव लिहिलं. अठ्ठावन्नावं. परत अठ्ठावन्न भरले म्हणून मला जरा बरंच वाटलं, तेवढ्यात पान दिसलं. 'बारा, पण विचारून.' मी म्हटलं, अगं, नुसत्या बाराच्या पानावर लिही की, जयदीपच्या खाली जागा आहे. म्हणाली, त्या पानावर खात्रीची माणसं आहेत.