केनवडची दावत

अब्बा,

पुन्हा तुमचं तेच, "अल्ताफचाचाले माफ कर." ज्यानं भर बाजारात तुमाले थापड मारली, त्याले? बहिणीच्या, दुआच्या लग्नाच्या दावतीचं आवतन द्यायले तुमी मले चाचाच्या गावाले, केनवडले धाडलं, अन् मी थेट सुरत गाठली. फोनवर म्हटलं, चाचा येत नाही. खरं म्हणजे मी गेलोच नाही. त्याची भीती नव्हती. तो दारातच रडला असता, अन् मांडवात तुमी त्याले गळ्याले लावलं असतं. तेच मले नको होतं.

यूनुस नबीबी असाच एका गावावर रागावून निघून गेला होता ना? अल्लानं त्या गावाले माफ केलं, अन् मास्यानं गिळलेला यूनुस पोटात रडला, तं त्यालेबी सोडलं.

हे पत्र टाकायची हिंमत नाही. फोनवर एवढंच सांगीन, एकदा तुमीच केनवडले जा.

तुमचा शहबाज

एसटीले अन् चाचाच्या मिठाईले सातशे रुपये पाठवतो.