तुला ढोल खरंच ऐकू येत होता

प्रिय अक्का,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय. परवा सकाळी तुझ्या लेकीच्या, रेखाच्या कानामागं ऑपरेशन आहे. हैदराबादेत दाजींच्या खोलीवर थांबलोय, पण एका जागी बसवत नाही. तू असताना मी तुझ्याशी ओरडूनच बोललो. आज आवाज न चढवता काही सांगू दे.

तुझ्यासारखेच रेखाचेही दोन्ही कान वाहतात. तुझ्या कानांत लसणाचं गरम तेल ओतलं, तिच्या कानांची दोनदा ऑपरेशनं झाली. पण वाहणं थांबलं नाही. कानात ऐकायचं मशीन घातलं की आठ दिवसांत पुन्हा पू. एकोणीस वर्षांची पोर शिवणाच्या क्लासात बाईंच्या ओठांकडं बघून शिकते!

इथल्या डॉक्टरीणबाईंनी एक लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कानासमोर धरला. रेखा गप्प. मग त्याचीच दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. पोरगी दचकून हसली! बाई म्हणाल्या, आतला कान चांगला आहे, वाट तेवढी बंद आहे. आवाज हाडातून आत पोचतो. हाडात बारीक स्क्रू बसवायचा, दोन-तीन महिन्यांत तो पक्का झाला की त्यावर मशीन लावायचं.

अक्का, त्या क्षणी मला मुडबीची जत्रा आठवली.

ढोल वाजत होते. तू वडलांची मेंढरामागची काठी घेतलीस, एक टोक ढोलाला टेकवलंस, दुसरं दातांत धरलंस आणि डोळे मिटून डोलायला लागलीस. मधेच काठी काढून ओरडलीस, "मला ऐकू यायलंय! ऐकू यायलंय!" बायका म्हणाल्या, हिच्या अंगात आलं. कपाळाला भंडारा फासला, पाया पडल्या. आणि मी? चार पुस्तकं वाचून नुकताच पेटलेला! काठी हिसकावली, तुला बाजूला उभं केलं आणि अंगात येण्याच्या ढोंगावर अर्धा तास भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. तू माझी बाही ओढून विचारलंस, "कामून हिसकावलास रं?" मी म्हणालो, "गप बस."

तू खरं तेच सांगत होतीस. त्यांनी तुला देव केलं, मी तुला ढोंगी केलं. तुझं म्हणणं कुणी ऐकलं? त्यानंतर तू ढोलाजवळ कधी गेली नाहीस. मलाही कधी बोल लावला नाहीस. का गं? एकदा तरी शिवी द्यायची होतीस!

रेखाचे वडील, म्हणजे आपले दाजी, ऑपरेशनाला काही तयार होईनात. "कवटीत स्क्रू घातलेली पोरगी कोण करून घेतंय, माणिकराव?" झालं! मी दवाखान्यातच सुरू झालो. विज्ञान, बाईचा हक्क, सगळं काढलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाईसाब, आप थोडा चुप बैठो. बच्ची से पूछने दो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला भर सभेत खाली बसवलं.

ऑपरेशनाआधी मशीन वापरून बघता येतं. बाईंनी ते एका पट्ट्याला लावून रेखाच्या डोक्याभोवती बांधलं. तिची पाठ आमच्याकडं होती. दाजी हळूच मला म्हणाले, "हिच्या आईचा जन्म गेलाच की न ऐकता. हिचाबी जाईल. कुणाचं काय अडलंय?"

"बाबा," रेखा वळून म्हणाली, "माझं अडलंय."

दाजी मटकन बाकावर बसले. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अन् मामा, तुमी लई मोठ्यानं बोलताव." कागदावर सही तिनं स्वतः केली. काल दाजी बांधकामावरच्या मुकादमाकडं चार दिवसांची सुट्टी मागून आले.

तरी भीती जात नाही. स्क्रू हाडात नीट बसेल ना? एवढ्या वर्षांची शांतता मोडून हॉर्न, भांडी, माणसांचा गलका एकदम अंगावर आला तर पोरीला सोसेल का? बाई म्हणतात, ऐकायची सवय रोज बसून करावी लागते, महिनोन्‌महिने. कुणीतरी समोर बसून वाचून दाखवायचं. ते मी करीन, हळू आवाजात.

आणि एक शब्द देतो. मशीन लावल्यावर बाई तिला विचारतील, कसं वाटतंय, ठेवायचं की काढायचं? मी शेजारीच असेन. उत्तर द्यायला तिला कितीही वेळ लागला तरी मी तोंड उघडणार नाही. मला हे किती जड जाईल, ते तुझ्याइतकं कोण जाणतं! आणि ती "नको" म्हणाली, तर तेही ऐकेन.

तुझा धाकटा भाऊ,
माणिक