चौकातले हॉर्न

ओहायो, ऑक्टोबर २००६

प्रिय कोडी,

परवा फोनवर म्हणालास, "सैन्यात आणखी तीन वर्षांसाठी सही करतोय." मी नुसतं "बरं" म्हटलं.

इथे एक गंमत चाललीय. दर शनिवारी नोरीनबाई आपल्या गॅरेजजवळच्या चौकात, कोर्टासमोर 'पोरांना इराकमधून परत आणा' असा फलक धरून उभ्या राहतात. पटलं तर गाडीवाल्यानं हॉर्न द्यायचा. तू गेलास तेव्हा त्यांना शिव्याच मिळायच्या. आता हॉर्न वाजतात, आणि गावातल्या निम्म्या गाड्या माझ्याच हाताखालून गेल्यात, त्यामुळे गॅरेजात गाडीखाली पडल्यापडल्या मला कळतं, कोण वाजवतंय. आधी पाद्रीबाबा, मग मॅचला निघालेली शाळेची बस. काल तर माजी सैनिकांच्या क्लबाचा अध्यक्ष मर्विन! तुझ्या निरोपाला बँड आणणारा.

मी हात पुसत बाहेर आलो. "काय रे, चुकून कोपर लागलं का?"

"चुकून कसलं! क्लबातला राष्ट्राध्यक्षांचा फोटोही उतरवला. लॉयड, पोराला घरी बोलाव."

हे सगळे नेमके कधी फिरले, याचं मला भारी कुतूहल. विचारलं तर जो तो म्हणतो, "मी पहिल्यापासून विरोधातच होतो!"

तुला वाजतगाजत पाठवणारेच मागे फिरलेत, हे सहीआधी तुला कळायला हवं. पण तिथे पहाऱ्यावर असताना हे डोक्यात घोळून तुझं लक्ष उडालं तर? म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

पुढच्या रविवारी तुझा फोन येईल. तेवढं एक वाक्य तोंडातून निघालं म्हणजे झालं: सही करू नकोस, बाळा.

तुझा बाप,
लॉयड