ग्लोव्हजचा शेवटचा जोड

दुबई, १४ नोव्हेंबर २००३

प्रिय वासुदेव,

टांझानियातल्या आपल्या मिशन हॉस्पिटलचा तू लिहिलेला इतिहास पोचला. छपाई छान आहे. बाकी वाचून अंगाचा तिळपापड झाला. पाणी आणणाऱ्या गाढवापासून जर्मन पाद्र्याच्या पेटीपर्यंत सगळ्यांना जागा मिळाली. तू डॉक्टर, मी सिस्टर, आपलीही नावं आहेत. आणि वीस वर्षं तिथं बाळंतपणं करणारी मैमुनाबी? पान त्रेचाळीस, फोटोखाली: ‘डॉ. वासुदेव व एक स्थानिक मदतनीस’. मदतनीस! तुझ्या पहिल्या सिझेरियनला पाठीशी कोण उभं होतं रे?

ग्लोव्हज वापरून फेकायची आपली ऐपत नव्हती. मैमुनाबीच ते धुवायची, पाणी भरून भोकं शोधायची, वाळवून पावडर लावायची. चौऱ्याण्णवच्या पावसात सामानाचा ट्रक अडकला आणि धड असा एकच जोड उरला. त्याच दुपारी दोन बायका अडल्या. तिनं तो जोड तुझ्या हातांवर चढवला आणि दुसरीला स्वतः उघड्या हातांनी सोडवलं, कसाव्याचे कंद सोलताना कापलेलं बोट तसंच. निम्मा वॉर्ड एड्सचा होता, धोका तिला पुरता ठाऊक होता. कुणी म्हणेल, कशावरून त्याच दिवशी लागण झाली? म्हणू दे. तीन वर्षांनी ती गेली. आणि तू बेधडक लिहितोस, ‘देवकृपेने एकाही कर्मचाऱ्यास एड्सची बाधा झाली नाही.’ देवाला कशाला मध्ये ओढतोस?

काल तिची खतीजा माझ्याकडे इफ्तारला आली होती. आता इथं ऊद मेथा भागातल्या क्लिनिकमध्ये माझ्याबरोबरच नर्स आहे. पुस्तक दिसताच खजूर हातात तसाच ठेवून, ओळींवर बोट फिरवत आईचं नाव शोधत बसली. शेवटचं पान उलटून तिनं विचारलं, आई नक्की कशानं गेली. आजवर तिला क्षयच ठाऊक, कारण रजिस्टरमध्ये तसं आहे. हॉस्पिटलची बदनामी नको असं तू म्हणालास आणि मी मुकाट्यानं लिहिलं. ते अक्षर माझं आहे, वासुदेव. तुझ्यावर चिडताना तेच डोळ्यांसमोर येतं. काल मी तिला सगळं खरं सांगितलं. दिवसभराचा रोजा, आणि पोरगी पाण्याच्या घोटावर उठून गेली. आज सकाळी तिनं फोन करून तुझा पत्ता मागितला. मी दिला. तिचं पत्र या पत्रामागोमाग येईल. निदान उत्तर देताना तिच्या आईला मदतनीस म्हणू नकोस.

अजून तरी तुझीच मैत्रीण,
लतिका